हवेवरचा हात

फौजी घरात जड वस्तू ठेवू नयेत, हे शहाणपण पहिल्या दोन बदल्यांतच येतं. कपाट जागेवर विकायचं, पलंग भाड्याने घ्यायचा आणि उरलेला संसार काळ्या ट्रंकांमध्ये बसवायचा. आमच्या घरात या नियमाला आजवर एकच अपवाद होता, अप्पांच्या ११२ एलपी. कव्हरांसकट तीस किलोच्या आसपास. म्हैसूरच्या या पोस्टिंगमध्ये दुसरा अपवाद आला. चामराजनगरच्या काळ्या ग्रॅनाइटची एक लादी, ५० बाय ४० सेंटिमीटर आणि ५ सेंटिमीटर जाड. तीही तीस किलोच. बायको म्हणाली, "लोक म्हैसूरहून चंदन नेतात, आपण धोंडा नेणार."

त्या धोंड्यावर रेकॉर्ड प्लेअर आहे, आणि प्लेअरवर एक हात आहे जो कशालाच टेकलेला नाही. तो हवेवर तरंगतो. गेले दहा महिने ड्युटी संपल्यावरचा माझा बराचसा वेळ त्या हातात गेला.

आम्ही राहतो हूटगळ्ळीला. म्हैसूर म्हटलं की राजवाडा, दसरा, चामुंडीची टेकडी. हूटगळ्ळी त्या यादीत नसते. शहराच्या वायव्येची ही औद्योगिक वस्ती. एका अंगाला इन्फोसिसचं प्रशिक्षण संकुल, दुसरीकडे बेळवाडीचा बीईएमएलचा कारखाना, आणि मधे लहान-मोठ्या शेडच शेड. कुणी गिअर कापतो, कुणी रबर ओततो, कुणी दुसऱ्याच्या कारखान्यासाठी फक्त एकच भोक पाडतो पण ते शंभर टक्के बरोबर पाडतो. मी ईएमईचा माणूस. 'कर्म ही धर्म' हे आमच्या कोरचं ब्रीद. खडकवासल्याला एनडीएत तीन वर्षं आणि नंतर वर्कशॉपांमध्ये वीस वर्षं काढल्यावर लेथचा आवाज मला पावसासारखा वाटतो. पुण्याच्या मित्रांनी 'राजवाड्याजवळ घर बघ' असं सांगितलं होतं. मला शेडजवळचं मिळालं आणि ते बरं झालं.

आता मूळ दुखण्याकडे येतो.

अप्पा मिरजेला रेल्वेत क्लार्क होते. सत्तरच्या दशकात त्यांनी एचएमव्हीचा फिएस्टा प्लेअर घेतला आणि दर पगाराला नाही, पण दर दिवाळीला आणि दर एरियर्सला रेकॉर्ड घेतल्या. भीमसेन, कुमार, मन्सूर, किशोरीताई. रविवारी सकाळी एक बाजू, संध्याकाळी एक बाजू. आणि प्रत्येक बाजूच्या शेवटच्या दोन-तीन मिनिटांत अप्पा उठून आवाज बारीक करायचे. कारण शेवट फाटायचा. गायक द्रुत लयीत, ताना जोरात, आणि नेमका तिथेच आवाज चरचरायचा, जणू गाणाऱ्याच्या घशात वाळू गेली आहे. मी लहानपणी समजत होतो की ख्याल असाच संपतो.

कारण साधं आहे. एलपी मिनिटाला ३३⅓ फेरे फिरते, बाहेर असो की आत. पण बाहेरच्या कडेला एका फेऱ्याचा घेर मोठा, आतला लहान. बाहेरच्या खाचेत सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर खाच सरकते. शेवटी, लेबलजवळ, जेमतेम २१ सेंटिमीटर. म्हणजे तेवढंच गाणं निम्म्याहून कमी जागेत कोंबलेलं. त्यात नेहमीचा हात एका खुंटीभोवती फिरतो, दाराच्या फळीसारखा. रेकॉर्ड कापणाऱ्या यंत्राची छिन्नी मात्र सरळ रेषेत, कडेकडून मध्याकडे जाते. सरळ कापलेली खाच कमानीत फिरणाऱ्या हाताने वाचायची, म्हणजे सुई सगळ्या बाजूभर फक्त दोन जागी बरोबर उभी असते आणि बाकी सर्वत्र थोडी तिरकी. बाहेर हा तिरकेपणा खपतो, आत गर्दीत खपत नाही. शिवाय वाकड्या हातावर मध्याकडे ओढणारा एक जोर सतत असतो, तो खाचेची एक भिंत जास्त झिजवतो.

पाश्चात्त्य संगीताच्या रेकॉर्डवर शेवटी एखादं संथ गाणं ठेवून निभावता येतं. आपल्या ख्यालाची रचनाच उलटी. विलंबितापासून सुरुवात, वीस मिनिटांनी द्रुताचा कळस. गायकाचं सगळ्यात अवघड काम खाचेच्या सगळ्यात अडचणीच्या जागी. किशोरीताईंची भूप आणि बागेश्रीची एलपी ज्यांच्याकडे आहे त्यांनी भूपाच्या बाजूचा शेवट लक्ष देऊन ऐकावा, म्हणजे मी काय म्हणतो ते कळेल.

उपाय शंभराहून जास्त वर्षं जुना आहे. एडिसनच्या नळकांड्याच्या फोनोग्राफवर सुई सरळच सरकत असे, आट्यांच्या दांड्याने ढकललेली. एलपीच्या काळात काहींनी मोटर लावून हात सरळ सरकवला. डेन्मार्कच्या बँग अँड ओलुफसेनचा १९७२चा प्लेअर त्यासाठी प्रसिद्ध आहे. पण मोटर आधी चूक होऊ देते आणि मग दुरुस्त करते. तिसरा मार्ग असा की मोटर नको, खाचच सुईला आत नेईल. फक्त हाताने अजिबात आडकाठी करायची नाही. सुई बाजूला सरकण्याचा वेग पाहा. वीस मिनिटांत साडेआठ सेंटिमीटर, म्हणजे मिनिटाला ४ मिलिमीटरच्या थोडंसं वर. इतक्या सावकाश ओढीला कुठलंही बॉल बेअरिंग आधी अडतं, मग एकदम सुटतं. हवा अडत नाही.

फ्लोरिडातल्या टॅलाहासीच्या एमिनंट टेक्नॉलॉजीच्या ब्रूस थिगपेन यांनी १९८०च्या दशकात असा एक हात काढला, ईटी-२. एक स्थिर धातूचा ठोकळा, त्यातून आरपार गेलेली ॲल्युमिनियमची पोकळ नळी. ठोकळ्याच्या बारीक छिद्रांतून हवा येते आणि नळीभोवती केसाहून पातळ थर धरते. नळीच्या एका टोकाला पुढचा हात, कार्ट्रिज, सुई आणि मागे तोलाचं वजन. पंप सुरू केला की ही सगळी वरात तरंगते. फुंकर मारली तर सरकते. बेंगळुरूच्या एका जुन्या संग्राहकाकडून मला हा हात मिळाला, तीन डब्यांत सुट्या भागांत, मूळ पंपासकट. पंप म्हणजे मत्स्यालयाला लावतात त्या जातीचा.

लडाखला साडेअकरा हजार फुटांवर राहिलेल्या माणसाला हवेची किंमत वेगळी सांगायला लागत नाही. तिथे समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांश हवा. इंजिन दमतं, माणूस दमतो, स्टोव्ह दमतो. तिथे हवा नसल्याने कामं अडायची. इथे तिच्यावर वजन ठेवायचं होतं.

पहिलं काम पातळीचं. ज्या वस्तूला घर्षण नाही तिला स्वतःचं मतही नाही. जिकडे उतार, तिकडे ती. माझा हिशेब असा की बाजूला सरकणारा सगळा भाग ३५ ग्रॅम धरला आणि नळी मीटरला ५ मिलिमीटर कललेली असली, तर बाजूला पडणारा जोर जवळजवळ ०.१८ ग्रॅम. सुईवर उभं वजन २ ग्रॅम. म्हणजे वाकड्या हाताच्या ज्या ओढीपासून सुटायला हा खटाटोप, तीच ओढ मागच्या दाराने घरात. आणि मीटरला ५ मिलिमीटर उतार डोळ्याला कळत नाही.

इथे शेजारच्या गल्लीतल्या शेडचे काका आले. मूळ बेळगावचे, उद्यमबागेत लेथवर हात बसलेला, तीस वर्षांपूर्वी हूटगळ्ळीला आले. मी मराठीत फोनवर बोलत चाललो होतो ते ऐकून त्यांनीच हाक मारली. मोठे भाऊ मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते, त्यामुळे मला चहा आणि स्टूल दोन्ही मिळालं. हाताचं चित्र मी कागदावर काढून दाखवलं. त्यांनी चष्मा वर करून बराच वेळ पाहिलं.

"म्हणजे साहेब, ह्याला धरणारं कोणच नाही."

"हवा आहे ना."

"हवा धरत नाही हो. हवा सोडती. धरायचं काम खालच्या पायाला करावं लागंल."

मला मॅन्युअल तीनदा वाचून जे समजलं होतं ते काकांनी एका वाक्यात सांगितलं. ग्रॅनाइटची लादी ही त्यांचीच सूचना. त्यांच्या शेडमध्ये मोजमापाची सरफेस प्लेट ग्रॅनाइटचीच. लादी तीन पायांवर ठेवली, कारण तीन पाय कधी डुगडुगत नाहीत, चार पायांत एक नेहमी रिकामा असतो. हाताच्या ठोकळ्यासाठी त्यांनी ॲल्युमिनियमची नवी बैठक कातली, तिला अर्धा मिलिमीटर पिचचे तीन बारीक स्क्रू. पूर्ण फेरा फिरवला तरी बैठक अर्ध्या मिलिमीटरनेच उचलते. पातळी बघायला त्यांची मशिन बसवायची लेव्हल, मीटरला ०.०२ मिलिमीटर दाखवणारी. तिच्या बुडबुड्याला हाताची ऊबसुद्धा कळते. ठेवून दहा मिनिटं दूर जायचं, मग वाचायचं. लादी बसल्यावर नळी कडेला सोडली, जागीच थांबली. मध्यावर सोडली, थांबली. लेबलाजवळ सोडली, थांबली. काकांनी हलकी फुंकर मारली आणि ती सरकत जाऊन पलीकडे उभी राहिली. ते हसले आणि म्हणाले, "हवा हुद्दा बघत नाही बघा साहेब. खाली दिसलं की तिकडं जाणार."

दुसरं काम हवेचं. मत्स्यालयी पंप जेमतेम ४ पीएसआय देत होता, मोटारीच्या टायरच्या सातव्या-आठव्या हिश्शाइतका. दाब कमी म्हणजे थर नरम; तबल्याच्या थापेला नळी थरात दबते आणि बायाचा घुमारा पसरट होतो. शिवाय पंप हवा सलग देत नाही, धडधडत देतो, आणि ती धडधड सुईपर्यंत पोहोचते. मी दात काढणाऱ्या डॉक्टरांकडे असतो तसा बिनतेलाचा लहान कंप्रेसर आणला. तेलाचा अंश या बेअरिंगला विष आहे, नळी तर अल्कोहोलने पुसूनच बसवावी लागते. कंप्रेसर मागच्या ओसरीत, तिथून बारा लिटरची टाकी, मग दाब नियंत्रक, मग दहा मीटर नळी भिंतीच्या कडेने. टाकी धडधड पोटात घेते. दाब एकेक पीएसआय वाढवत १०वर थांबलो; त्यापुढे या ठोकळ्यातून शिट्टी येऊ लागली.

पावसाळ्यात नवीन प्रश्न आला. दमट हवा दाबली की पाणी सोडते. टाकीच्या तळाशी नळ ठेवून ते रोज काढायचं, आणि पुढे गाळणीत निळी सिलिका जेल, दुर्बिणींच्या खोक्यांत असते तीच. गुलाबी झाली की तव्यावर भाजून पुन्हा निळी करायची. आमच्या तव्यांपैकी एक आता या खात्यात जमा आहे.

आणि वीज. हूटगळ्ळीत पावसात वीज जाते. वीज गेली की कंप्रेसर थांबतो, पण तबकडी लगेच थांबत नाही, जड असल्याने फिरत राहते. हवा संपली की नळी ठोकळ्यावर बसते. खाच सुईला आत ओढते आहे आणि हात जागचा हलत नाही, असं झालं तर सगळा ताण सुईच्या नाजूक कांडीवर. म्हणून टाकीच्या तोंडाशी एकदिशा झडप बसवली. घड्याळ लावून पाहिलं, वीज गेल्यावर सव्वा मिनिट हवा पुरते. उठून सुई उचलायला तेवढा वेळ पुष्कळ आहे.

तिसरं काम वजनाचं, आणि इथे या हाताची खरी गंमत आहे. नेहमीच्या हाताला खुंटी असते, त्यामुळे तो वर-खाली आणि आजूबाजूला जवळपास सारखाच जड. हवेवरचा हात वर-खाली झोपाळ्यासारखा झुलतो, पण आजूबाजूला अख्खाच्या अख्खा सरकतो. नळी, हात, कार्ट्रिज, मागचं शिसं, सगळं. एखाद्या रेकॉर्डचं भोक केसभर बाजूला पडलेलं असेल तर मिनिटाला तेहतीस वेळा ही सगळी पालखी इकडून तिकडे न्यायचं काम बिचाऱ्या सुईचं. तेव्हा शिसं कमी करायचं आणि उरलेलं मागे दूर सरकवायचं. तोल तोच राहतो, सरकणारं ओझं घटतं. पण फुकट काही नाही. दूर गेलेलं वजन वर-खाली झुलताना जास्त आळशी होतं, आणि रेकॉर्ड तापून लहरली असेल तर सुई लहरीवरून उडते. थिगपेन यांनी वजनाची पट्टी एका पातळ पोलादी पानावर टांगली आहे. पान लवतं, वजन क्षणभर मागे राहतं. वेगवेगळ्या जाडीची पानं मिळतात. काकांनी फीलर गेजची पाती कापून आणखी दोन बनवून दिली.

शेवटची आडकाठी तारेची. कार्ट्रिजमधून निघणाऱ्या चार तारा केसासारख्या बारीक असूनही स्प्रिंगसारख्या वागतात. घर्षण गेल्यावर त्यांचा रुसवासुद्धा मोजण्यासारखा होतो. त्यांना सैल, मोठं वळण देऊन वरून सोडलं. घर्षण होतं तोवर तार, उतार, पंपाची धडधड, कुणाचंच काही ऐकू येत नव्हतं. मोठ्या अधिकाऱ्यापुढे सगळे गप्प असतात तसं. तो उठून गेल्यावर खोलीत किती जण बसले होते ते कळतं.

इथवर सगळं मोजता येत होतं. त्यापुढे कान लागतात, आणि माझे कान पुरेसे नाहीत.

रणगाड्यांच्या वर्कशॉपमधली आणि फायरिंग रेंजवरची वर्षं कानात शिल्लक राहतात. वार्षिक तपासणीच्या माझ्या आलेखात ४००० हर्ट्झवर खड्डा आहे, दोन्ही कानांत, डाव्यात जास्त. उजव्या खांद्यावरून रायफल चालवणाऱ्याचा डावा कान नळीच्या तोंडाकडे असतो, त्यामुळे असे आलेख आमच्यात पुष्कळांचे सापडतील. रोजच्या कामात काही अडत नाही. हुकूम ऐकू येतो, फोन ऐकू येतो. जातं ते वरचं. 'स' आणि 'श' यांतला फरक, पैंजणाची किणकिण, तानपुऱ्याच्या जव्हारीचं टोक. कानाच्या आतल्या ज्या सूक्ष्म केसपेशी हे ऐकतात त्या मेल्या की परत उगवत नाहीत. आणि या हातावर सुईची उंची, तिचा उभा कोन, डावी-उजवी बाजू समान आहे का, हे सगळं ज्या स्वरांवरून ठरवायचं ते नेमके तिथेच राहतात. डावा कान मागे असल्याने मला तर गायिका नेहमीच किंचित उजवीकडे बसलेली दिसते.

तेव्हा डाव्या-उजव्याचा निकाल मीटरवर टाकला. मोनो रेकॉर्ड लावायची, दोन्ही बाजूंचे आकडे लॅपटॉपवर पाहायचे, सारखे होईपर्यंत कार्ट्रिज फिरवायचं. उंचीचा निकाल मुलीवर. ती नववीत आहे आणि तिचे कान अजून नवे आहेत. या हाताला बाजूला एक तरफ आहे. रेकॉर्ड चालू असतानाच हळूहळू उंची बदलता येते आणि सुईची जागा ढळत नाही. पद्धत अशी ठरवली: मुलगी पाठ करून बसणार, बायको तरफ हलवणार, मी फक्त लिहिणार. कुणालाच दुसऱ्याचं माहीत नाही. वहीत तीन रकाने आहेत: तरफेचा आकडा, मीटर, मुलगी. तिच्या रकान्यात भाषा तिची. 'काच.' 'रजई.' 'स फाटतोय.' 'आता बाई खोलीत आली.' वेगवेगळ्या तीन दिवशी, तीन रेकॉर्डवर, 'बाई खोलीत आली' हे तरफेच्या एकाच आकड्याच्या आसपास पडलं. मला त्या आकड्याला आणि शेजारच्या आकड्याला काहीही फरक ऐकू येत नाही. आकडा मी कायम केला. फौजेत निरीक्षण चौकीवरचा जवान जे पाहतो ते मागे बसलेल्याला दिसत नाही, तरी तोफ त्याच्या शब्दावर वळते.

दिवाळीच्या सुट्टीत अप्पा मिरजेहून आले. वय ७६. लादी पाहिली, ओसरीतला कंप्रेसर पाहिला, टाकीचं पाणी काढताना मला पाहिलं आणि म्हणाले, "अरे, आगगाडीच्या ब्रेकला लागत नाही एवढी हवा लावलीस. एवढं करून ऐकायचं काय? रेकॉर्डी तर झिजल्या की."

प्रश्न रास्त होता. फिएस्टाची सुई आताच्या दुप्पट-तिप्पट वजनाने चालायची. त्या सुईने चाळीस वर्षांपूर्वी जे खरवडलं ते खरवडलं. पण जुनी सुई गोल टोकाची होती, ती खाचेच्या भिंतीला एका ठरावीक उंचीवरच टेकायची. आता लावलेली सुई धारदार घडणीची आहे, ती भिंतीला उभ्या रेषेत टेकते, त्यात जुन्या सुईने न शिवलेला भागही येतो. म्हणजे कोन बरोबर असला तर काही जागी कोरी भिंत सापडते. सगळीकडे नाही. काही तानांत वाळू आहे ती आहेच. पण अप्पांच्या रेकॉर्डींतला बराच शेवट, जो आम्ही गेला म्हणून समजत होतो, तो तिथेच होता, केसाच्या काही हिश्शांवर.

मी भूप लावला. अप्पा वर्तमानपत्र घेऊन बसले होते. सतराव्या-अठराव्या मिनिटाला त्यांचा हात सवयीने खुर्चीच्या कडेवर गेला, उठण्यासाठी. शेवटच्या ताना आल्या. हात तिथेच राहिला. बाजू संपल्यावर ते काही बोलले नाहीत, थोड्या वेळाने म्हणाले, "शेवटी ती इतकं स्वच्छ म्हणते होय." पन्नास वर्षं घरात असलेल्या रेकॉर्डबद्दल.

दुसऱ्या दिवशी त्यांनीच अब्दुल करीम खाँसाहेबांची एलपी काढली, १९३०च्या दशकातल्या साडेतीन मिनिटांच्या तबकड्यांवरून केलेली. मिरजेच्या माणसाला खाँसाहेब घरचे. त्यांची कबर मिरजेच्या दर्ग्यात आहे, तिथल्या उरुसाला अजून गवई हजेरी लावतात. आणि म्हैसूरलाही ते परके नाहीत. इथल्या दरबारात ते वारंवार गायले, 'संगीतरत्न' ही पदवी त्यांना इथूनच मिळाली. अप्पांना हे माहीत होतं, म्हणूनच तीच निवडली असावी. झिंझोटी सुरू झाली तशी मुलीने नाक मुरडलं. "किती खरखर आहे यात, बाबा!" अप्पा म्हणाले, "आम्हाला नाही येत बाई ऐकू." मलाही येत नव्हती. त्या काळच्या ध्वनिमुद्रणात वरचे स्वर मुळात आलेच नाहीत. वर आहे ती फक्त खरखर. ते गाणं आमच्या कानांत पूर्ण मावतं, आणि खरखर बाहेर राहते. त्या साडेतीन मिनिटांपुरते आम्ही दोघे तिच्यापेक्षा पुढे होतो. मुलीला हे सांगितल्यावर तिने वहीत नवा रकाना आखला, 'आजोबा'.

म्हैसूरमध्ये रेकॉर्डींबद्दल बोलताना एक नाव टाळता येत नाही. महाराजा जयचामराजेंद्र वडियार. रशियन संगीतकार निकोलाय मेटनर लंडनमध्ये म्हातारपणी आजारी आणि विस्मरणात गेलेले. १९४०च्या दशकाच्या अखेरीस महाराजांनी पैसे दिले आणि एचएमव्हीने मेटनरकडून त्यांचंच संगीत वाजवून ध्वनिमुद्रित केलं. मेटनरनी आपला तिसरा पियानो कॉन्चेर्तो महाराजांना अर्पण केला. १९५१ साली ते गेले. आज त्या माणसाची बोटं ऐकू येतात ती म्हैसूरच्या एका श्रोत्यामुळे, जो त्या वेळी हजारो मैलांवर होता. दुसऱ्याचा आवाज शाबूत ठेवायला आपण त्या खोलीत असावंच लागतं असं नाही. पातळी, हवा आणि तोल सांभाळायचा. ऐकणारा कुणीतरी येतो.

मे महिन्यात बदली होईल असं दिसतंय. काकांनी हातासाठी सागवानी पेटी करायला घेतली आहे, आत नळीसाठी वेगळा खण. वहीची एक प्रत त्यांनी मागून घेतली, तरफेच्या आकड्यांसकट. मराठी त्यांना वाचता येतं, पण रकान्यांतले शब्द वाचून त्यांनी मला विचारलं, "रजई म्हणजे काय मापात, साहेब?"

मी त्यांना मुलीचा फोन नंबर दिला.